तोंडानं शिकवलेली कुस्ती

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, क्रीडामंडळाचे तत्पर कार्यवाह, व्यासपीठावर माझ्या शेजारी खुर्ची अपुरी पडेल असे बसलेले, मुलांच्या कुस्तीचे प्रशिक्षक, ज्यांना लहानथोर सारे ‘पोलादी सर’ म्हणतात ते, समोर जमलेले पालक, माझ्या शाळेतले जुने सहकारी, आणि सगळ्यात मागे, खांबाच्या आडोशाला, एकमेकींना कोपरानं ढोसत बसलेल्या माझ्या मुलींनो,

अध्यक्षांनी आत्ता माझं जे वर्णन केलं, ते ऐकताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. म्हटलं, इतका थोर गृहस्थ आलाय तरी कुठून? निरोपाच्या दिवशी माणसाची उंची अचानक वाढते. उद्या सकाळी मी पुन्हा माझ्या मूळच्या मापाचा होईन आणि चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही म्हणून घरात बोलणी खाईन. तोवर ही उंची अंगावर घेऊन दोन शब्द बोलतो.

दुपारी कार्यवाहांनी मला जरा बाजूला घेतलं होतं. म्हणाले, “सर, तुमचं बोलणं म्हणजे काव्यच. जुन्या आठवणी सांगा, लोकांना हसवा, थोडं रडवा. फक्त तेवढा तो विषय नको.”

मी विचारलं, “कुठला विषय?”

“आता सर, तुम्हाला का ठाऊक नाही?”

मला ठाऊक आहे. समोर बसलेल्यांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. मी आजपासून निवृत्त झालो, की मुलींचा कुस्तीवर्ग ‘तूर्त स्थगित’ करायचा, संध्याकाळचा हा हॉल मुलांच्या वर्गाला द्यायचा, आणि मुलींना सकाळच्या व्यायामवर्गात सामावून घ्यायचं, असा मंडळाचा विचार आहे. सोमवारी बैठक आहे. कारण असं दिलं जातं, की मी गेल्यावर मुलींना शिकवायला योग्य माणूस उरत नाही.

झालं. निघाला विषय. कार्यवाह, रागावू नका. भाषेच्या मास्तराला विषय सोडून निबंध लिहिता येत नाही.

आणि ‘तूर्त’ या शब्दाशी माझी ओळख फार जुनी आहे. मोठा मऊ शब्द. त्याच्या मऊपणावर विसंबून पुष्कळ गोष्टी झोपी गेल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. आमच्या शाळेचं वाचनालय तूर्त बंद झालं होतं. आज तिथं मोडकी बाकं ठेवतात.

पण मला आठवणी सांगायला सांगितलं आहे, तर आठवणीच सांगतो. त्यांतून काय सिद्ध होतं ते तुम्ही ठरवा.

मी मूळचा कवितेचा माणूस. दुपारचा तास, खिडकीतून तिरकं येणारं ऊन, त्यात तरंगणारी खडूची धूळ, आणि सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय; शेवटच्या बाकावरचा अर्धं कडवं मागे आहे, पण मनापासून म्हणतोय. याहून मोठं सुख मी आयुष्यात मागितलं नाही. खिडकीबाहेर एक उंच झाड होतं. त्याचं नाव मला अखेरपर्यंत कळलं नाही, त्याच्यावर कविता मात्र बऱ्याच केल्या. आणि कुस्ती म्हणाल, तर ती मी फक्त गणिताशी केली. तिथं पाठ माझीच टेकली.

अशा माणसाला एक दिवस मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. शाळेच्या दोन मुलींनी कुणाला न विचारता कुस्तीच्या स्पर्धेत नाव दिलं होतं. सोबत मोठं माणूस हवं होतं.

बाई म्हणाल्या, “खेळाचे सर नाही म्हणतात. तुम्ही जा.”

“बाई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“कळायचंय काय त्यात? डबे सांभाळा, पाण्याच्या बाटल्या सांभाळा, आणि नेल्या तेवढ्या परत आणा.”

तेवढ्याच परत आणल्या. पण त्यांतली एक, अंगानं इतकीशी, जिला वर्गातली मुलं ‘मुंगी’ म्हणून चिडवायची आणि जिनं ते चिडवणं उचलून स्वतःचं नाव करून टाकलं होतं, ती कुस्ती सुरू व्हायच्या आतच हरली होती म्हणा ना. मी बाटलीचं झाकण लावेपर्यंत ती पाठीवर होती. परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, “सर, मी कुठं चुकले?”

मित्रहो, कवितेतली कुठलीही ओळ द्या, मी ती सोलून, फोडी करून तुमच्यापुढे ठेवीन. पण त्या पोरीच्या प्रश्नापुढे माझ्याजवळ एक अक्षर नव्हतं. मी म्हणालो, “पुढच्या वेळी बघू हं.”

ती म्हणाली, “बघा मग. तुम्ही बघा, मी लढते.”

म्हणून मी बघायला लागलो. याच हॉलच्या दारात रोज संध्याकाळी उभा राहायचो. आत मुलांचा सराव चालायचा. पोलादी सर तेव्हा नव्या पोलादाचे होते. त्यांनी एकदा हटकलं, “काय मास्तर, आमच्यावर कविता करताय काय?”

“शिकतोय.”

“कुस्ती बघून येत नाही आणि ऐकूनही येत नाही. अंगाला अंग घासल्याशिवाय कुस्ती कुणाच्या बापाला आलेली नाही.”

हे वाक्य जरा बाजूला ठेवा. ते खरं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पुढे मुंगी आणि तिच्या मैत्रिणी मिळून मुलींचा वर्ग उभा राहिला, आणि मी पहिल्याच दिवशी एक नियम केला. मी मॅटच्या कडेला उभा राहणार. आत पाऊल टाकणार नाही. हात पाठीमागे बांधलेले, आणि शिकवायचं ते सगळं तोंडानं. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. पण मुलींच्या आया त्या खिडकीशी उभ्या राहायच्या, पिशव्या हातात, जणू सहज थांबल्यात अशा. त्यांना रात्री शांत झोप लागावी, एवढाच त्यामागे हेतू.

आता हात नाही म्हटल्यावर शब्दांनाच हात फुटावे लागले. समोरचीच्या दोन पायांच्या मधे पाऊल रोवायचं, त्याला मी म्हणायचो ‘उंबरा’. पाय धरून छातीशी कवटाळायचा, ते ‘बाळ उचल’. पाठ टेकायची वेळ आली, की मान आणि टाचांवर शरीराची कमान करून तग धरायचा, त्याला सगळेच ‘पूल’ म्हणतात. मी त्याला एवढंच जोडायचो, ‘पुलाखालून नदी वाहू दे.’ म्हणजे श्वास कोंडू नको. पोरी दात-ओठ खात कमान धरायच्या आणि त्यातल्या त्यात एखादी विचारायची, “सर, नदीला आज पूर आला तर चालेल का?”

एका मुलीच्या आईचं शिवणकामाचं दुकान होतं. तिनं जुन्या कोटांचा एक भलामोठा पुतळा शिवून दिला, उचलून आपटायच्या सरावासाठी. पोटात चिंध्या जरा जास्तच भरल्या गेल्या. मुलींनी त्याचं नाव ‘अध्यक्ष’ ठेवलं. त्या वेळी अध्यक्ष दुसरे होते, हे मी इथं जबाबदारीनं नमूद करतो. तो पुतळा रोज संध्याकाळी उताणा पडायचा आणि कधी चकार शब्द काढत नसे. हा गुण पदाबरोबर यायला हवा, असं माझं नम्र मत आहे.

मुलींनो, पुरे. हसण्याचा भाग संपला.

कारण बाहेर लोक वेगळंच हसत होते. बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, बसथांब्यावर. “मास्तर, मॅटवर घासून घासून पोरींचे कान चुरगळायला लागलेत म्हणे. अशानं पुढे कोण पत्करणार त्यांना?” मी सांगायचो, “पत्करणार कोण ते मला माहीत नाही. आपटणार कोण, त्यांची नावं हवी असतील तर देतो.” माझ्यासारखा गरीब गाय म्हणून ओळखला जाणारा माणूस असं बोलतो, याचं लोकांना नवल वाटे. मलाही वाटे. दारात उभं राहून राहून माझीही मान थोडी जाड झाली असावी.

अध्यक्षांनी आमच्या पदकांचा उल्लेख केला, त्याबद्दल आभार. मी मात्र तुम्हाला एका पराभवाची गोष्ट सांगणार आहे. माझ्या मते या वर्गाचा तो सर्वांत चांगला दिवस.

मुंगी तेव्हा कुमारगटाच्या अंतिम फेरीत पोचली होती. समोरची मुलगी दुसऱ्या शहरातली, उंच, शांत. मी कडेला उभा. ओरडलो, “उंबरा!” मुंगीनं पाऊल टाकलं, तर समोरचीनं तेवढाच पाय आधीच मागे घेतलेला. मी ओरडलो, “बाळ उचल!” समोरची गुडघे मिटून बसलेली. मी बोलायचा अवकाश, की तिला कळत होतं. मला वाटलं, काय ही तयारी, काय ही चपळाई. मग पलीकडच्या कोपऱ्यात नजर गेली. तिथं त्या मुलीची मदतनीस म्हणून जी उभी होती, ती आमचीच जुनी मुलगी. वडिलांची बदली झाली म्हणून गेलेली. मी एक शब्द टाकला की ती त्याचा अर्थ तिकडे पोचवीत होती. माझी सगळी गुप्त भाषा तिला मुखोद्गत होती. का नसावी? मीच पाठ करून घेतली होती, चालीवर.

आता हसता तुम्ही. तेव्हा मला घाम फुटला होता. शब्दांखेरीज माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, आणि माझाच प्रत्येक शब्द माझ्या मुलीच्या विरुद्ध लढत होता.

मधली विश्रांती झाली. मुंगी कोपऱ्यात आली. गुण पुष्कळ गेले होते. मी तोंड उघडलं. ती पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, “सर, आता तुम्ही काही बोलू नका.”

“अगं पण—”

“मला येतं सर. तुमचं सगळं माझ्या आत आहे. बाहेरून परत नको.”

मी खाली बसलो. उत्तरार्धात मी पहिल्यांदाच माझी मुलगी लढताना पाहिली. एरवी मी माझे शब्द लढताना पाहत असे. ती थांबली, हुलकावणी दिली, मी कधी न शिकवलेल्या बाजूनं शिरली. पलीकडची आमची जुनी मुलगी नुसती बघत राहिली, कारण सांगायला तिच्याजवळ आता काही उरलं नव्हतं. मुंगी एका गुणानं हरली. मॅटवरून उतरली ती थेट त्या जुन्या मैत्रिणीकडे गेली, तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, “फितूर.” मग दोघी हसत सुटल्या.

मंडळाला ते रौप्यपदक दिसलं. मला एक प्रशिक्षक दिसली.

आता शेवटची गोष्ट. काही दिवसांपूर्वीची. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी अशी चपळ, की आल्याआल्या खांबावर निम्मी चढली. तिचं नाव त्याच दिवशी ‘खार’ पडलं. वडील हळूच म्हणाले, “सर, तिला ऐकू येत नाही. अजिबात. ओठ वाचते, पण ओठांकडे बघत राहिली तर कुस्ती कधी करणार? जमेल का?”

मी हात पाठीमागे बांधून कडेला उभा. माझ्या तोंडात उंबरे, पूल, नद्या, सगळं जग भरलेलं. आणि ते सगळं त्या मुलीपुढे निव्वळ हवा. मला बसमधली ती संध्याकाळ आठवली. पुन्हा एकदा माझ्याजवळ अक्षर नव्हतं.

मुंगी त्या दिवशी पोटावर पिठाचा डाग घेऊन आलेली. ती पहाटे बेकरीत काम करते, दुपारी झोपते आणि संध्याकाळी इथं मला मदत करते. तिनं मला काही विचारलं नाही. ती खारीसमोर गुडघ्यावर बसली. तिचा हात धरून आपल्या कमरेवर ठेवला आणि हळूच वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेलं. पुन्हा नेलं. खारीचे डोळे मोठे झाले. वजन हलतं कुठून, हे तिच्या तळहाताला कळलं होतं. मग तिनं आपण होऊन मुंगीच्या खांद्याला कपाळ लावलं आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटून हो. आणि मुंगीचं वजन ज्या क्षणी हललं, त्या क्षणी ती तिच्या पायात शिरली. मुंगी धाडकन खाली. खारीचे वडील दारात उभे होते. ते वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले, जणू ते बिघडलंय.

पोलादी सर, तुमचं खरं होतं. अंगाला अंग लागल्याशिवाय कुस्ती येत नाही. मी एवढी वर्षं मुलींना अर्धीच कुस्ती शिकवली. उरलेली त्या एकमेकींकडून शिकल्या. म्हणून मी आता तुमचंच वाक्य तुमच्यापुढे ठेवतो. जिच्याजवळ माझे सगळे शब्द आहेत, आणि शिवाय मला कधी वापरता आले नाहीत ते दोन हात आहेत, ती तिथं खांबाजवळ बसली आहे. प्रशिक्षकाची परीक्षा ती उत्तीर्ण झाली आहे. मग मी गेल्यावर योग्य माणूस उरत नाही, हे गणित कुणी मांडलं? गणितात मी कच्चा, पण इतकाही नाही. मी गेल्यावरच योग्य माणूस येतं आहे.

मंडळातल्या एका सदस्यांनी तिला तोंडावर विचारलं होतं, “उद्या तुझं लग्न होईल, मग वर्गाचं काय?” त्यावर ती म्हणाली, “काका, अध्यक्षांचं लग्न झालंय. मंडळ बंद पडलं का?” हे उत्तर उद्धट आहे, असं माझ्या कानावर आलं. मी चार-चार वेळा घोळवून पाहिलं. मला त्यात उद्धटपणा सापडला नाही. उत्तर मात्र सापडलं.

उरला जागेचा प्रश्न. मुलांचा वर्ग वाढला आहे, हॉल अपुरा पडतो, हे खरंच आहे, आणि त्याचा मला आनंद आहे. पण मला सांगा, घरी पाहुणे आले आणि खुर्च्या कमी पडल्या, की ‘जरा ऊठ गं’ असं आपण कुणाला म्हणतो? ‘ऊठ रे’ असं किती घरांत ऐकू येतं? ती मुलगी उठते, दाराशी जाऊन उभी राहते, आणि पाहुणे गेल्यावरही तिची खुर्ची तिला परत मिळेलच असं नाही. सोमवारी मंडळ तेच म्हणणार आहे. शब्द तेवढे मोठे असतील. जरा ऊठ गं, मुलांना बसायचंय.

या मुली उठणार नाहीत. हे मी धमकी म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. मी त्यांना समोरची ढकलत असताना जागा न सोडण्याचं शिक्षण दिलं आहे. ते इतक्या लवकर विसरायला त्या काही माझ्यासारख्या म्हाताऱ्या झालेल्या नाहीत.

अध्यक्षमहोदय, आपण घड्याळाकडे पाहिलंत. मीही पाहिलं. मुलींच्या सरावाची वेळ झाली आहे.

मघाशी दारातून आत येताना माझ्या लक्षात आलं, की या सगळ्याजणी आज नीटनेटक्या कपड्यांच्या आत सरावाचे कपडे घालून आल्या आहेत. मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी मुंगीकडे पाहिलं. ती म्हणाली, “सर, समारंभ तुमचा आहे. सरावाला सुट्टी आहे, असं मी कुणाला म्हटलेलं नाही.” तेव्हा मला कळलं, की मी आज निवृत्त होतोय हे चूक आहे. मी बहुधा आधीच झालोय.

तर निरोपाची भेट म्हणून माझं एकच मागणं आहे. हे घड्याळ दिलंत, हा पुष्पगुच्छ दिलात, मी ते मानानं घरी नेईन. पण आज जरा उलटं करू. आज आपण उठू. ज्यांना थांबायचं असेल त्यांनी पादत्राणं दाराशी काढून भिंतीला टेकून उभं राहावं आणि मुली काय करतात ते बघावं. मंडळाच्या सदस्यांनी अवश्य बघावं. ज्यावर मत द्यायचं, ते एकदा नीट पाहिलेलं बरं. पुढच्या रांगेतलं हे जाजम लांब आहे, ते गुंडाळायला दोन टोकांना दोन माणसं लागतील. एक टोक मी धरतो. पोलादी सर, दुसऱ्या टोकाला आपल्यासारखं कुणी असेल तर बरं होईल.

सोमवारी मंडळाला जो ठराव करायचा तो करू दे. सोमवारीही सराव आहे.

आपण सर्वांनी एका कवितावाल्या मास्तराला इतकी वर्षं सहन केलंत, आपल्या मुली विश्वासानं त्याच्या हाती, नव्हे, त्याच्या तोंडी दिल्यात, याबद्दल मंडळाचा, पालकांचा, खिडकीशी उभ्या राहिलेल्या त्या सगळ्या आयांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर ते माझ्या वयावर घाला आणि मोठ्या मनानं सोडून द्या. विषय काढला, त्याबद्दल मात्र क्षमा मागत नाही.

खारीला कुणीतरी खांद्याला हात लावून सांगा, भाषण संपलं.

आणि मंडळी, खुर्च्या ओढू नका. उचला. खाली मॅट आहे.